खडबडीत रस्ता आणि टायर: संपर्काचं मॉडेल पहिल्यांदा बांधताना

रस्त्यात २० मिलिमीटर रुंद आणि ३० मिलिमीटर खोल चीर आहे. चाक तिच्यावरून गेलं तर गाडीत जेमतेम एक ‘टप’ ऐकू येतं. आता तेवढ्याच रुंदीची आणि तेवढ्याच उंचीची पट्टी रस्त्यावर ठेवा. या वेळी सणसणीत दणका बसतो. कागदावर दोन्ही आकृत्या एकमेकींची आरशातली प्रतिमा आहेत, पण टायरला त्या सारख्या नाहीत. चिरेवर तो नुसता ताणून बसतो, पट्टीवर मात्र त्याला चढावंच लागतं. नवशिक्यांची बहुतेक मॉडेलं हा फरक विसरतात आणि मग ताठपणाचे आकडे इकडेतिकडे फिरवून उत्तर जुळवत बसतात.

टायर आणि रस्ता यांच्या संपर्काचं मॉडेल बांधायच्या खालच्या पायऱ्या पायथन, ऑक्टेव्ह किंवा मॅटलॅब यांपैकी कशातही करता येतात. उदाहरणासाठी एकच टायर शेवटपर्यंत वापरू: मोटारीचा, मोकळी त्रिज्या ३१० मिलिमीटर, चाकावरचा भार ४००० न्यूटन, हवेचा दाब २२० किलोपास्कल, उभा ताठपणा मिलिमीटरला २०० न्यूटन. म्हणजे सपाट रस्त्यावर तो २० मिलिमीटर दबतो.

पायरी १: कोणती तरंगलांबी हवी ते आधी ठरवा

रस्त्याचा खडबडीतपणा एक वस्तू नाही. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक असतो तो सूक्ष्म पोत, खडीच्या दाण्याच्या पृष्ठभागाचा. अर्धा ते ५० मिलिमीटर हा स्थूल पोत, म्हणजे खडीचे दाणे आणि त्यांच्यातल्या फटी. ५० ते ५०० मिलिमीटरमध्ये चिरा, ठिगळं, छोटे खड्डे येतात. त्याच्या वर अर्ध्या मीटरपासून ५० मीटरपर्यंत रस्त्याचा असमपणा, ज्याने गाडी हेलकावते.

प्रवासाचा आराम किंवा सस्पेन्शनवरचा ताण पाहायचा असेल तर शेवटचे दोन गट पुरतात. आवाज, पकड किंवा झीज पाहायची असेल तर खडीच्या दाण्यापर्यंत उतरावं लागतं, आणि तिथलं गणित पूर्ण वेगळं आहे. दोन्ही एका मॉडेलमध्ये कोंबायचा मोह सुरुवातीला टाळा. १ मिलिमीटरच्या जाळीवर एक किलोमीटर रस्ता सोडवत बसलेला संगणक कोणाच्याच उपयोगाचा नसतो.

पायरी २: टायरचे चार आकडे मिळवा

त्रिज्या, दाब, ताठपणा आणि ठशाची लांबी. ठसा म्हणजे टायरचा जमिनीला टेकलेला भाग. पहिले दोन सोपे. ताठपणासाठी तीन-चार वेगवेगळ्या भारांखाली चाकाच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजा आणि भार-दबण्याच्या आलेखाचा उतार कामाच्या भारापाशी घ्या. मूळ बिंदूपासून सरळ रेघ ओढू नका, कारण अगदी सुरुवातीला टायर मऊ असतो.

ठसा घेण्याची पद्धत जुनीच आहे: गाडी जॅकने उचला, आधाराला स्टँड लावा, ट्रेडवर (टायरच्या बाहेरच्या, खाचा असलेल्या रबरावर) शाई फासा, खाली जाड कागद ठेवा, चाक सरळ खाली सोडा आणि पुन्हा उचला. लांबी मधोमध आणि दोन्ही कडांपाशी मोजून सरासरी घ्या.

पडताळणीसाठी भार भागिले दाब करा. आपल्या टायरला साधारण १८२ चौरस सेंटिमीटर येतात, म्हणजे १५० मिलिमीटर लांब आणि सव्वाशे मिलिमीटरच्या आतबाहेर रुंद ठसा. हा ढोबळ अंदाज आहे. बाजूची भिंतही थोडा भार पेलते आणि ट्रेडच्या खाचा जमिनीला टेकत नाहीत.

इथे एक सापळा आहे. भूमितीने ठशाची लांबी काढली, म्हणजे ३१० मिलिमीटरच्या वर्तुळाला २० मिलिमीटरवर कापलं, तर जीवा २१९ मिलिमीटर येते. खरा ठसा त्याहून बराच आखूड असतो, कारण ट्रेडखालचा पट्टा ठशाच्या पुढेमागे वाकून वर उचलला जातो. भूमितीची लांबी घेतलेलं मॉडेल रस्ता गरजेपेक्षा जास्त गुळगुळीत करून टाकतं.

पायरी ३: रस्त्याचा छेद

छेद म्हणजे रस्त्याच्या लांबीवर बिंदूगणिक उंची. तो मोजलेला असेल तर उत्तम. लहान अडथळ्यांसाठी १ ते ५ मिलिमीटरला एक बिंदू हवा, लांब असमपणासाठी ५० मिलिमीटरही चालतं. पण मोजमाप कच्चं वापरू नका. लेझरच्या मोजणीत चमकत्या किंवा ओल्या दाण्यावर खोटी टोकं येतात. खाली गेलेलं टोक निरुपद्रवी असतं, टायर त्यावरून निघून जातो. वर आलेलं मात्र घातक. १ मिलिमीटर रुंद आणि ५ मिलिमीटर उंच असं एकच खोटं टोक चाकाच्या गोलाईखाली तब्बल १११ मिलिमीटर लांबीचा उंचवटा बनतं. म्हणून शेजारच्या बिंदूंच्या मध्यकाशी तुलना करून अशी टोकं आधीच काढा. सरसकट गुळगुळीत करणारी गाळणी लावू नका. ती खरी खडीही खाऊन टाकते.

मोजमाप नसेल तर छेद तयार करावा लागतो. त्यासाठी आयएसओ ८६०८ हे मानक वापरतात. त्यात रस्त्याची वर्णपट घनता (कोणत्या लांबीच्या लाटेत किती उंचसखलपणा आहे त्याचं माप) अवकाशीय वारंवारतेच्या, म्हणजे मीटरमागे किती लाटा त्याच्या, वर्गाच्या व्यस्त प्रमाणात उतरते असं धरलं आहे. मीटरला ०.१ आवर्तन या संदर्भ वारंवारतेला ‘अ’ वर्गाची मध्य किंमत १६, ‘ब’ची ६४, ‘क’ची २५६ आणि ‘ड’ची १०२४, सगळ्या दशलक्षांश घनमीटरमध्ये. वर्ग एक पायरी उतरला की किंमत चौपट, उंचसखलपणा दुप्पट.

कृती अशी: मीटरला ०.०१ ते १० आवर्तनं या पट्ट्याचे बारीक तुकडे करा. प्रत्येक तुकड्यासाठी एक कोसाइन लाट घ्या, तिचा आयाम (मध्यापासूनची उंची) म्हणजे ‘दोन गुणिले घनता गुणिले तुकड्याची रुंदी’ याचं वर्गमूळ. प्रत्येक लाटेला शून्य ते ३६० अंशांमधली यादृच्छिक कला (लाट कुठून सुरू होते तो कोन) द्या आणि सगळ्या लाटा मिळवा. ‘क’ वर्गासाठी तयार छेदाचं वर्गमध्यमूळ (उंचींच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) १६ मिलिमीटरच्या जवळ आलं पाहिजे. ११ आलं तर वर्गमुळातला ‘दोन’ विसरलात.

याहून मोठी चूक एककांची असते. काही तक्ते मीटरला एक रेडियन या संदर्भाने दिलेले असतात आणि तिथे ‘अ’ वर्गाची किंमत १ दशलक्षांश असते. ती किंमत आवर्तनांच्या सूत्रात घातली तर घनता सोळाव्या हिश्श्यावर येते, आणि रस्ता विमानतळाच्या धावपट्टीसारखा दिसू लागतो.

तुकडे समान रुंदीचे घेतले तर छेद ठरावीक अंतराने स्वतःलाच गिरवतो. तुकडा ०.००५ असेल तर २०० मीटरनंतर तोच रस्ता पुन्हा सुरू. लांब धाव हवी असेल तर तुकडे आणखी बारीक करा किंवा असमान घ्या. आणि हे लक्षात असू द्या की अशा छेदात खड्डा नसतो, सांधा नसतो, ठिगळ नसतं. ते वेगळं काढून वर ठेवावं लागतं.

पायरी ४: एका बिंदूचा संपर्क

चाकाच्या मध्याखालचा एकच बिंदू रस्त्याला टेकतो असं धरा. बल म्हणजे ताठपणा गुणिले दबणं. दबणं ऋण आलं तर बल शून्य. ही शून्याची अट न घातल्यास चाक हवेत उडाल्यावर रस्ता त्याला चिकटपट्टीसारखा खाली ओढतो. सस्पेन्शनवरचं वस्तुमान ३५० किलो, चाकाचं ४० किलो आणि सस्पेन्शनचा ताठपणा मिलिमीटरला २० न्यूटन घेतला तर गाडी सेकंदाला सव्वा वेळापेक्षा थोडी कमी आणि चाक १२ वेळा डोलतं. तुमच्या पहिल्या धावेत हे दोन आकडे दिसले नाहीत तर पुढे जाऊ नका.

हे मॉडेल कुठपर्यंत चालतं? दीड मीटरपेक्षा, म्हणजे ठशाच्या दहापट लांबीपेक्षा लांब लाटांना बिनधास्त. त्याखाली ते रस्ता फार कर्कश वाचतं.

पायरी ५: सरासरी, आणि ती कुठे फसते

पहिली सुधारणा म्हणजे ठशाच्या लांबीइतकी सरकती सरासरी. १५० मिलिमीटरची सरासरी दीड मीटरच्या लाटेला ९८ टक्के जाऊ देते, अर्ध्या मीटरच्या लाटेला ८६, ३०० मिलिमीटरला ६४, आणि १५० मिलिमीटरची लाट पूर्ण पुसते. हा उपाय इतका कामचलाऊ आणि तरीही उपयोगी आहे की रस्त्याच्या गुणवत्तेचा आंतरराष्ट्रीय निर्देशांक, आयआरआय, आजही त्यावर उभा आहे. १९८२ साली ब्राझिलियात झालेल्या मोठ्या प्रयोगातून पुढे आलेल्या या निर्देशांकात छेदाला आधी २५० मिलिमीटरची सरासरी लावतात आणि मग ताशी ८० किलोमीटरने एक कल्पित पाव-गाडी (एक चाक आणि त्यावरचा गाडीचा हिस्सा) त्यावरून नेतात.

पण सुरुवातीच्या चिरेकडे परत या. २० मिलिमीटर रुंद, ३० मिलिमीटर खोल. सरासरी म्हणते, चाक ४ मिलिमीटर खाली जाईल. पट्टीसाठी ती म्हणते, ४ मिलिमीटर वर. दोन्ही चूक, आणि विरुद्ध दिशांनी चूक. सरासरी रेषीय असते. तिला चढ आणि खोलगट यांतला फरक कळूच शकत नाही. शिवाय तिच्या मते चाक रस्त्यातल्या उभ्या पायरीला ७५ मिलिमीटर अलीकडे भिडतं. प्रत्यक्षात २० मिलिमीटर दबलेलं चाक २० मिलिमीटर उंच पायरीला १५२ मिलिमीटर अलीकडेच टेकलेलं असतं, कारण गोलाई ठशाच्या पुढे पोचते.

पायरी ६: जोडकॅम

इथे थोडा वेळ घालवा, कारण साऱ्या पद्धतींमध्ये कष्टाच्या मानाने सर्वाधिक फळ हीच देते. कल्पना अशी: टायरऐवजी दोन कडक लंबगोल चकत्या, म्हणजे कॅम, एकामागे एक ठेवायचे, दोघांतलं अंतर ठशाच्या लांबीच्या ०.८ पट. आपल्या टायरला १२० मिलिमीटर. प्रत्येक कॅम स्वतंत्रपणे वरखाली होतो आणि रस्त्यावर फक्त टेकून राहतो, घुसत नाही.

एका कॅमची उंची काढायची रीत: कॅमच्या पोटाची वक्ररेषा एकदाच तक्त्यात काढून ठेवा, म्हणजे मध्यापासून अमुक अंतरावर कॅमचा खालचा भाग तळापेक्षा किती वर आहे. मग रस्त्याच्या प्रत्येक स्थानी, कॅमच्या टप्प्यातल्या प्रत्येक बिंदूची उंची घ्या, त्यातून ती वक्ररेषा वजा करा आणि येणाऱ्या आकड्यांतला सर्वांत मोठा ठेवा. बस, इतकंच. चीर आपोआप गाळली जाते आणि उंचवटा आपोआप फुगतो; एका ‘सर्वांत मोठा’ने सरासरीला न जमलेली गोष्ट करून दाखवली.

दोन्ही कॅमची उंची मिळाली की त्यांची सरासरी ही परिणामी उंची, आणि पुढच्यातून मागचा वजा करून १२० ने भागलं की परिणामी उतार. उभं बल परिणामी उंचीवरून येतं. आडवं बल म्हणजे उभं बल गुणिले उतार: ४००० न्यूटन आणि ०.१ उतार असेल तर ४०० न्यूटन, चढताना मागे ढकलणारे आणि उतरताना पुढे. सस्पेन्शनच्या बुशवर (सांध्यातल्या रबरी नळीवर) आदळणारा धक्का बराचसा हाच असतो आणि एका बिंदूच्या मॉडेलमध्ये तो औषधालाही नसतो.

कॅमला साधं वर्तुळ का नको? करून पाहा. ३१० मिलिमीटरचं वर्तुळ घेतलं तर २० मिलिमीटरची पायरी १७० मिलिमीटर अलीकडेच जाणवते. त्याऐवजी दोन्ही अक्ष त्रिज्येच्या १.०५ पट आणि समीकरणात वर्गाऐवजी १.८ घातांक असलेला लंबगोल घ्या. आता १५४ मिलिमीटर येतात, भूमितीच्या १५२ शी जवळजवळ जुळणारे.

दुसरी, अधिक बोलकी चाचणी: १० मिलिमीटर उंच आणि २० मिलिमीटर रुंद पट्टी. खरा भारलेला टायर अशी पट्टी हळू ओलांडतो तेव्हा उभ्या बलात दोन कुबडं आणि मधे खोलगट दिसतो, कारण ठशाच्या मधोमध आलेली पट्टी टायर गिळून टाकतो. लंबगोल कॅमने परिणामी उंची दोन्ही बाजूंना ५ मिलिमीटर आणि मधोमध ३.७ येते, म्हणजे खोलगट आहे. वर्तुळाने मधोमध ५.९ येते, म्हणजे खोलगटाच्या जागी शिखर. घातांकातला फक्त ०.२ चा फरक, पण वागणूक उलटी. तुमच्या टायरसाठी हे आकडे थोडे वेगळे असतील. पट्टीच्या चाचणीचं मोजमाप मिळालं तर त्यावरून जुळवा, नाही मिळालं तर इथले आकडे सुरुवातीला पुरतात.

रुंदीचा प्रश्न राहतो. अडथळा आडवा, सरळ असेल तर एक रेघ पुरे. तिरपा सांधा किंवा खड्डा असेल तर सव्वाशे मिलिमीटर रुंदीत २५ मिलिमीटरच्या अंतराने पाच रेघा घ्या, प्रत्येकीवर जोडकॅम चालवा आणि सरासरी काढा. डावी-उजवी उंची वेगळी आली की चाकाला मिळणारा आडवा कलही हाती लागतो.

क्रम चुकला की सगळं चुकतं

कॅमची प्रक्रिया रेषीय नाही, म्हणून क्रमाला महत्त्व आहे. आधी खोटी टोकं काढा, मग रस्त्याचा लांब कल वजा करा, मग कच्च्या बारीक छेदावर कॅम चालवा. बिंदू कमी करायचे असतील तर ते त्यानंतर. आधीच सरासरी घेऊन बिंदू विरळ केले तर पट्टी कॅमपर्यंत पोचायच्या आत वितळलेली असते.

टायरचं अवमंदन, म्हणजे कंपन शमवणारा विरोध, हीदेखील एक नेहमीची अडचण. ते रस्त्याच्या उंचीच्या वेगावर चालतं, आणि कच्च्या छेदाचा वेग म्हणजे नुसते काटे. अवमंदन कॅमने दिलेल्या परिणामी उंचीवरच लावा. टायरचं स्वतःचं अवमंदन तसंही अल्प असतं. शंका असेल तर पहिल्या धावेत शून्य ठेवा. कालपायरी (दोन गणनांमधला काळ) छेदाला साजेशी हवी: ताशी ८० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २२.२ मीटर वेगात ५ मिलिमीटर अंतर ०.२२५ मिलिसेकंदात संपतं. १ मिलिसेकंदाची पायरी घेतली तर चारांपैकी तीन बिंदू पाहिलेच जात नाहीत.

पुढे जाण्याआधी तीन क्षुल्लक वाटणाऱ्या चाचण्या करा. सपाट रस्त्यावर परिणामी उंची आणि उतार तंतोतंत शून्य हवेत. पाच टक्के चढावर उतार ०.०५ हवा, उंचीत मात्र ०.२ मिलिमीटरच्या आतबाहेर कायमची वाढ दिसेल, ती चूक नाही, तिरप्या रेषेला गोल वस्तू मध्याच्या बाजूला टेकते म्हणून ती येते. आणि सममित पट्टीवर उंचीचा आलेख सममित, उताराचा आलेख विरुद्ध चिन्हांचा यायला हवा. नाही आला तर बहुधा कॅमची तक्त्यातली वक्ररेषा एका बिंदूने सरकली आहे.

वेग वाढला की वेगळी मर्यादा येते. कॅम फक्त भूमिती सांगतात, टायरचं जडत्व नाही. मोटारीच्या टायरचा पट्टा रिमवर साधारण ८० हर्ट्झच्या आसपास उभा डोलतो. तिथपर्यंतचं काही पाहायचं असेल तर पट्ट्याला स्वतंत्र वस्तुमान देऊन रिमशी स्प्रिंगने जोडा आणि परिणामी रस्ता त्या कड्याला द्या.

खडीच्या दाण्यापर्यंत उतरायचं असेल तर

इथे चाक विसरा आणि ठशाचा एक तुकडा घ्या: खाली कडक, खडबडीत रस्ता, वर रबर. सर्वांत सोपं मॉडेल म्हणजे शेजारी शेजारी उभ्या स्वतंत्र स्प्रिंगा. ते पटकन चालतं, पण एक खोट ठेवतं. दाण्याचं टोक रबरात रुततं तेव्हा आजूबाजूचं रबरही वर उचललं जातं आणि लगतच्या फटीत शिरत नाही. स्वतंत्र स्प्रिंगांना शेजाऱ्याची खबर नसते, त्यामुळे त्या फटीत उतरतात आणि संपर्कक्षेत्र फुगवून सांगतात.

शेजाऱ्यांची दखल घ्यायची तर बुसिनेस्कचं सूत्र: एका बिंदूवरच्या बलाने दूरच्या बिंदूचं विस्थापन अंतराच्या व्यस्त प्रमाणात. अंतर शून्य असलेल्या घरात सूत्र अनंत होतं. तिथे चौरस घराच्या मध्याचं विस्थापन वापरा, म्हणजे १.१२२ गुणिले दाब गुणिले घराची बाजू गुणिले ‘एक वजा पॉयसन गुणोत्तराचा वर्ग’, भागिले लवचिकता मापांक. पॉयसन गुणोत्तर म्हणजे दाबल्यावर वस्तू आडवी किती फुगते त्याचं माप, मापांक म्हणजे पदार्थाच्या ताठपणाचं. रबराचं पॉयसन गुणोत्तर ०.४९ घ्या.

१५० बाय १५० मिलिमीटरचा तुकडा १ मिलिमीटरच्या जाळीवर घेतला तर २२,५०० घरं होतात आणि प्रत्येक घराचा प्रत्येक घरावरचा परिणाम मांडणाऱ्या पूर्ण मॅट्रिक्सला सुमारे ४ गिगाबाइट स्मृती लागते. म्हणून ती बांधूच नका. जलद फूरिये रूपांतराने (एफएफटी) गुणाकार करा आणि जाळी दोन्ही दिशांना शून्यांनी दुप्पट करा. शून्यं विसरलात तर ठशाची उजवी कड डाव्या कडेला ढकलू लागते. उकल फेऱ्यांनी होते: जिथे दाब ऋण आला ते घर संपर्कातून काढा, जिथे रबर रस्त्यात घुसलं ते आत घ्या, एकूण दाब भाराशी जुळवा, पुन्हा.

दोन इशारे. बुसिनेस्कचं सूत्र अनंत जाडीच्या रबरासाठी आहे, आणि नव्या मोटार-टायरचा ट्रेड ८ मिलिमीटरच्या आसपास असतो, त्याखाली पोलादी पट्टा. त्यामुळे ट्रेडच्या जाडीपेक्षा लांब लाटांना हे सूत्र टायर वाजवीपेक्षा मऊ दाखवतं. दुसरं, रबराचा मापांक स्थिर नसतो. ताशी ८० किलोमीटरला १० मिलिमीटर अंतरावरचे दाणे रबरावर सेकंदाला सुमारे २२०० वेळा आपटतात, आणि त्या वारंवारतेला रबर हाताने दाबून पाहिल्यापेक्षा बरंच ताठ असतं. मापांक घेताना तो कोणत्या तापमानाला आणि वारंवारतेला मोजला आहे ते तपासा. ते लिहिलेलं नसेल तर तो आकडा वापरू नका.